घरभेटीचे फॉर्म पूर्ण भरलेले, तरी बाळ दवाखान्यात उशिरा का पोचतं?

आठ महिन्यांपूर्वी उपकेंद्रावर रुजू झालेल्या एका समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा हा प्रश्न आहे. त्यांच्याकडे चार गावं, तीन वस्त्या आणि पाच आशा (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) आहेत. नवजात बाळांच्या घरभेटींचे फॉर्म दर महिन्याला वेळेवर, पूर्ण भरून येतात. तरी गेल्या वर्षात दोन बाळं तालुक्याच्या दवाखान्यात फार उशिरा पोचली आणि त्यातलं एक अकराव्या दिवशी गेलं. आता वरून ‘काहीतरी नवोपक्रम सुचवा’ असा निरोप आलाय. म्हणून आशा ज्या घरी जाते तिथला फोटो आणि ठिकाण नोंदवणारं ॲप करून घ्यावं, असं त्यांच्या मनात आहे. असं ॲप कुणी वापरलंय का आणि आशांनी ते नीट वापरावं म्हणून काय करावं, असं ते विचारतात.

मी मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यात ३१ वर्षं आरोग्य खात्यात काम केलं. आधी उपकेंद्रात आरोग्य सेविका होते, शेवटची अकरा वर्षं आरोग्य सहायिका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणारी. गेलेल्या त्या बाळाची गोष्ट तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहिली आहे, पण ती तुम्हाला झोपू देत नसणार हे मला कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ॲपचं शेवटी बोलू. तुमची अडचण मला अशी दिसते: चार-सहा दिवसांच्या बाळात काहीतरी बिघडतं, आणि काही करू शकणाऱ्या माणसापर्यंत ते बाळ वेळेत पोचत नाही. मधे चार सांधे आहेत. ते लक्षण कुणाच्या तरी नजरेस पडायला हवं, मग ते आजाराचं आहे हे कळायला हवं, मग कुणाला तरी सांगायला हवं, आणि मग बाळ घरातून हलायला हवं. तुमच्याकडे यातला कुठला सांधा निखळलाय हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि भरलेल्या फॉर्मवरून तर मुळीच कळणार नाही. आशा कुठे उभी होती ते ॲप सांगेल. तिने बाळाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहिलं का, हे ते सांगणार नाही.

बरंचसं तुमच्या भागावर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने निम्मी बाळं गावात नसतील, आणि त्यांच्यासाठी वेगळा विचार लागेल. रस्ता आणि फोनची रेंज असेल तर चौथा सांधा फारसा त्रास देणार नाही. आशा नवी असेल आणि तिचं प्रशिक्षण राहिलं असेल तर आधी ते. पण फॉर्म नियमित येतात त्या अर्थी तुमच्या आशा जुन्या आणि कामाच्या असाव्यात, असं धरून पुढचं लिहिते.

आमच्याकडेही हेच झालं होतं. फॉर्म सगळे नीट, आणि एक बाळ हातचं गेलं. तेव्हा मी ठरवलं की एका आशाताईबरोबर नुसतं फिरायचं. हातात रजिस्टर नाही, तपासणीचा नमुना नाही. पहिली भेट फुकट गेली, कारण मी बरोबर होते म्हणून ताईने सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या खेपेला ती माझ्या असण्याला सरावली, आणि तेव्हा मला खरं काम दिसलं.

वस्तीवरचं पत्र्याचं घर, बाळ चौथ्या दिवसाचं. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंद, कोपऱ्यात शेगडी, दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. सुवेर असल्यामुळे बाहेरचं माणूस आत नको, म्हणून आजीने बाळ दुपट्यात गुंडाळून ओसरीवर आणलं. ताईने काटा वाशाला अडकवला, रिकामी झोळी लावून शून्य जुळवलं. दुपटं सोडलं तसं बाळ दचकून रडायला लागलं. वजन भरलं दोन किलो तीनशे. मग थर्मामीटर काखेत, बाळ रडतंच आहे. मग ताईने घड्याळ काढलं आणि श्वास मोजायला बसली. अर्धं मिनिट पाहिलं, आजीने बाळ आत नेलं, आणि फॉर्मवर आकडा पडला ४८.

परत येताना बांधावर बसलो तेव्हा मी विचारलं, “ताई, ४८ कसे आले गं?” ती गप्प झाली. मग म्हणाली, “सिस्टर, बाळ रडत असलं की मोजताच येत नाही. दर वेळी असंच होतं. पण रकाना रिकामा ठेवला की मीटिंगमध्ये उभं करतात.”

ही ताई कामचुकार नव्हती. उन्हात तीन किलोमीटर चालून आली होती. चूक कामाच्या क्रमात होती. आमच्या सगळ्या आशांना ‘आधी वजन’ ही सवय लागली होती, कारण मीटिंगमध्ये वजनच पहिल्यांदा विचारलं जायचं. वजनासाठी बाळ उघडं केलं की ते रडतं, आणि रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजून काही हाती लागत नाही. शिवाय एवढ्या लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. ते भराभर श्वास घेतं, मग काही सेकंद थांबतं, पुन्हा घेतं. म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं चालत नाही, पूर्ण मिनिट लागतं. ६० किंवा जास्त आले तर थांबून पुन्हा एकदा मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही तसेच आले तर ते बाळ त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

मग आम्ही क्रम उलटा केला. घरात गेल्यावर बाळाला हात लावायचा नाही. आधी आईशी बोलायचं: किती वेळा पाजलं, ओढतंय का, लघवी किती वेळा झाली. तेवढ्यात बाळ आजीच्या मांडीवर, उंबऱ्याच्या आतच, झोपलेलं असेल तर दुपटं पोटापर्यंत अलगद बाजूला करायचं आणि पूर्ण मिनिट मोजायचं. मग ताप, आणि वजन सगळ्यात शेवटी. यात आशाला सुवेराच्या खोलीत शिरावं लागत नाही, त्यामुळे आजीशी वाद नाही. दोन आठवड्यांनी त्या ताईनेच त्यात भर घातली. ती म्हणाली, “मी आता सकाळी जात नाही. आंघोळ-मालिश झाली, पोटभर पाजलं, की बाळ दोन तास गाढ झोपतं. तेव्हा जाते.” हे मला कधीच सुचलं नसतं. इतकी वर्षं मी आशांना सांगत होते की भेट सकाळी लवकर द्या.

याला खर्च काही आला नाही. पण पुढच्या दोन महिन्यांत त्याच ताईच्या फॉर्मवर पहिल्यांदा ६४ आणि ६८ असे आकडे दिसले. त्याआधी वर्षभर तिच्या सगळ्या बाळांचे श्वास ४४ ते ५० च्या मधे होते. तुमच्याकडचे जुने फॉर्म काढून हा रकाना एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. सगळे आकडे सम असतील आणि एकमेकांजवळ असतील, तर तुमच्याकडेही अर्धं मिनिट मोजून दुप्पट होतंय असं समजायला हरकत नाही.

हे आपण नवीन काही करतोय असं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळांवर काम केलं, त्याची सुरुवातच पाहण्यापासून झाली. १९९५-९६ मध्ये गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांनी बाळांच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन नोंदी केल्या. त्या वर्षी पाहिलेल्या ७६३ बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदत लागावी असं काहीतरी झालं होतं, आणि ती मदत मिळाली होती शंभरात तीन बाळांनाही नाही. हे डोळ्यांनी दिसल्यावर त्याच बायकांना घरच्या घरी काय करता येईल ते ठरवलं आणि शिकवलं गेलं. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. डिसेंबर १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. तुमच्या टेबलावरचा फॉर्म त्याच कामातून आलाय. त्याच संस्थेने त्याआधी न्यूमोनियासाठी एक साधन केलं होतं, त्याची मला फार आठवण येते. सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एका मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांची रांग: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया. सुईणीला मोजता येत नाही म्हणून तिला काढून टाकलं नाही, तिच्या हाताला जमेल असं मोजमाप शोधलं.

आता अशी एक जागा, जिथे पहिलाच सांधा निखळतो, जी आपल्याकडे फार मोठी आहे आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: माहेर. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. पण पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. नोंदणी सासरच्या आशाकडे, बाळ माहेरच्या गावात. माहेरच्या आशाला ती आल्याचं कळतं ते बारशाच्या वेळी, म्हणजे ३ आणि ७ या दोन्ही महत्त्वाच्या भेटी हुकल्यावर. आणि नेमक्या त्याच दिवसांत बाळ सगळ्यात नाजूक असतं. तुमचं जे बाळ अकराव्या दिवशी गेलं, ते माहेरी होतं का, हे आधी शोधा.

आम्ही एवढंच केलं: सातव्या महिन्याच्या तपासणीला ‘बाळंतपणाला कुठे जाणार?’ हा प्रश्न विचारायचा, आणि माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर पेनाने माहेरचं गाव आणि तिथल्या आशाचा फोन नंबर लिहायचा. घरून निघायच्या दिवशी सासरच्या आशाने माहेरच्या आशाला एक फोन करायचा. नंबर मिळवायचं काम गटप्रवर्तकांनी, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बायकांनी केलं. सुरुवातीला हे अडलं पैशांवर. भेटींचा २५० रुपयांचा मोबदला कुणाला, यावरून दोन ताईंमध्ये कडू बोलणं झालं. ज्या ताईने बाळ पाहिलं तिलाच मोबदला मिळेल, हे तालुक्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून घेतलं, तेव्हा फोन सुरू झाले. तुम्ही हे आधीच ठरवून घ्या. आशांचा मोबदला हा त्यांच्या घरच्या चुलीचा प्रश्न आहे. तो बाजूला ठेवून कुठलीही सुधारणा टिकत नाही.

तिसऱ्या सांध्याबद्दल बोलायला मला आजही जड जातं. आमचं जे बाळ गेलं, त्याच्या आशाला पाचव्या दिवशी संध्याकाळीच शंका आली होती. बाळ नीट पीत नव्हतं, अंगाला गार लागत होतं. तरी ती सकाळपर्यंत थांबली. मी तिला ‘का थांबलीस’ असं विचारलं असतं तर ती फक्त रडली असती. मी विचारलं, “मग तू काय केलंस?” तेव्हा तिने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी ती असंच एक बाळ रात्री साडेनऊला घेऊन गेली होती. ते बाळ ठीक निघालं. ड्युटीवरच्या माणसाने नातेवाइकांसमोर तिला सुनावलं, “काही कळत नाही तर कशाला आणता?” त्या घराने नंतर तिला दारात उभं केलं नाही. मग पुढच्या वेळी ती थांबणार नाही तर काय करणार?

मी तिच्याजवळ बसून राहिले. त्या दिवसानंतर माझ्या भागात एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. आशाने आणलेलं बाळ निरोगी निघालं तर पहिलं वाक्य ‘बरं झालं आणलंस’ हे असायचं, आणि ते घरच्यांसमोर म्हणायचं. दुसरं, तिने पाठवलेल्या प्रत्येक बाळाचं पुढे काय झालं, हे तिला त्याच दिवशी फोन करून सांगायचं: दाखल केलं, औषध देऊन सोडलं, काही नव्हतं, जे असेल ते. आशा बाळ पाठवते आणि पुढचं तिला कुणीच सांगत नाही. मग तिची नजर कशी तयार होणार? तुम्ही समुदाय आरोग्य अधिकारी आहात. हा फोन तुम्ही स्वतः करायचा आहे. दोन मिनिटं लागतात.

शंका कधी घ्यायची हे तुम्हाला माहीत आहे, तरी आशांशी बोलताना सोप्या शब्दांत सांगा. बाळ पीत नाही किंवा प्यायचं थांबलं, झटका आला, श्वास दोनदा मोजूनही मिनिटाला ६० किंवा जास्त, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाते, अंग ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम, किंवा ३५.५ च्या खाली गार, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, तळहात-तळपाय पिवळे झाले. यातलं एकही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत आणि वाटेतही बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून दुपटं, आणि पीत असेल तर पाजत राहायचं.

म्हणूनच पाहणीचा एक अपवाद सांगून ठेवते. आशाबरोबर बसून पाहताना तिला घरच्यांसमोर दुरुस्त करू नका, नाहीतर त्या घरातली तिची पत जाते. पण यातलं एखादं लक्षण दिसलं तर तुमची पाहणी तिथेच संपली. बाळाला घेऊन निघा.

आणखी एक गोष्ट फॉर्मवर कधीच येत नाही. काही घरांत आशाच्या जातीमुळे तिला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाळाला हात लावू देत नाहीत. ती हे तुम्हाला आपणहून सांगणार नाही. तुम्ही तिच्याबरोबर त्या घरी जा, तिच्या शेजारी बसा, तिने काढलेला आकडा मोठ्याने विचारा आणि तोच कार्डावर लिहा. मी हे केलं. काही घरं बदलली, काही नाही. जी बदलली नाहीत तिथे आम्ही आईलाच श्वास मोजायला शिकवलं, आणि आशा दारातून विचारत राहिली.

आता मोजमाप. पाच हजारांच्या लोकवस्तीत वर्षाला साधारण सत्तर-ऐंशी बाळं जन्मतात. एवढ्या आकड्यात एखादा मृत्यू कमी झाला म्हणून उपक्रम यशस्वी आणि एखादा वाढला म्हणून फसला, असं ठरवता येत नाही. म्हणून प्रस्तावात ‘मृत्युदर अमुक टक्के कमी करू’ असं लिहू नका. सांधे मोजा: तिसऱ्या दिवसापर्यंत किती बाळं प्रत्यक्ष पाहिली गेली, माहेरी आलेली धरून. किती बाळांचा श्वास झोपेत, पूर्ण मिनिट मोजला. आणि लक्षण पहिल्यांदा दिसल्यापासून बाळ डॉक्टरांपर्यंत पोचायला किती तास गेले. हा शेवटचा आकडा काढायला घरी जाऊन आजीशी बोलावं लागतं, कारण ‘कालपासून दूध सोडलं होतं’ हे तिलाच आठवतं. बदल आधी एकाच आशाबरोबर महिनाभर करून पाहा. तिला जमलं, तिने त्यात आपलं काही घातलं, की बाकीच्यांना तिलाच सांगू द्या. मी सांगितलेलं त्या ऐकून घ्यायच्या, ताईने सांगितलेलं करून पाहायच्या.

आणि ॲप. मी त्याच्या विरोधात नाही. माहेरी गेलेल्या बाळंतिणीचा निरोप दुसऱ्या तालुक्यातल्या आशाला आपोआप गेला, तिसऱ्या-सातव्या दिवशी आठवण आली, तर कुठलीही आशा ते आनंदाने वापरेल. पण फोटो आणि ठिकाण मागणारं ॲप तिला एकच गोष्ट सांगतं, की आमचा तुझ्यावर विश्वास नाही. ज्या आशाला विश्वास वाटत नाही ती संध्याकाळी सातला ‘बाळ गार लागतंय’ असा फोन तुम्हाला करणार नाही. शिवाय बाळंतिणीच्या खोलीचा फोटो मागितला तर घरची माणसं दार लावून घेतील.

प्रस्ताव द्यायचाच आहे, तर त्यात भेटीचा बदललेला क्रम, माहेरच्या आशाचा नंबर कार्डावर, आणि पाठवलेल्या प्रत्येक बाळाची खबर आशाला परत, एवढं लिहा. खर्चाच्या रकान्यात आशांच्या फोनचं रिचार्ज आणि टॉर्चचे सेल धरा, कारण बंद खिडकीच्या खोलीत छाती दिसत नाही. सुरुवात मात्र प्रस्ताव मंजूर व्हायची वाट न पाहता करा. तुमच्या पाच आशांच्या याद्या आज काढा, सातव्या-आठव्या महिन्यातल्या पहिलटकरणी कोण आहेत ते पाहा, आणि प्रत्येकीचं माहेर कुठलं ते विचारून घ्या.